इंजिनाची ऊब

त्या घरातली गरम पाण्याची सगळी लाइन मी टाकली. कल्पनाही माझीच होती. त्यामुळे पुढं जे झालं त्याचं खापर दुसऱ्याच्या डोक्यावर फोडायची मला खरं तर सोय नव्हती. तरी मी फोडलं.

मी प्लंबर आहे, लोक मिस्त्री म्हणतात. वस्ती संपते त्याच्याही पुढं, एकट्या घरात, एक माणूस अंडी उबवून पिल्लं विकायचा. सगळे त्याला मालक म्हणायचे. माणूस बोलायला अतिशय गोड. आवाज चढवलेला मी कधी ऐकला नाही. त्याच्याकडे कपाटांएवढी उबवणीची मशिनं होती आणि त्यांत हजारो अंडी. अशा मशिनाची वीज सहा-सात तास गेली की अंड्यातला जीव अंड्यातच राहतो. आणि आमच्या भागातली वीज म्हणजे रुसलेला जावई. गेली की परत कधी येईल याचा नेम नाही. शेवटी वैतागून मालकानं घरामागच्या पत्र्याच्या खोलीत गॅसवर चालणारं जनरेटरचं इंजिन बसवलं आणि घरची वीज घरीच करायला लागला.

मी पहिल्यांदा गेलो तो मोरीचा नळ बदलायला. थंडी मी म्हणत होती. सगळ्या गवतावर पांढरं हिम, पण इंजिनाच्या खोलीमागं मात्र चटईएवढा तुकडा हिरवागार. तिथं एक कुत्रं आणि दोन मांजरं, जन्माचं वैर विसरून, एकमेकांना चिकटून झोपली होती. वर इंजिनाचा पंखा भसाभसा गरम वारा सोडत होता. मी हात धरून बघितला.

म्हटलं, "मालक, इंजिन तुम्हाला वीज देतंय एक वाटी, आणि ऊब दोन वाट्या बाहेर ओततंय. घरात मात्र तुम्ही स्वेटरवर स्वेटर घालून बसताय."

त्यांना ते एकदम पटलं. पुढच्याच आठवड्यात मी कामाला लागलो. इंजिन थंड ठेवणारं पाणी आणि इंजिनाचा धूर, ऊब असते ती या दोन ठिकाणी. मी धुराच्या नळीभोवती तांब्याच्या पाइपाची वेटोळी घातली, तिथली नि इंजिनाच्या पाण्यातली ऊब एका बंद टाकीत आणली, आणि त्या टाकीतलं गरम पाणी छोट्या पंपानं घरात फिरवलं. प्रत्येक खोलीत भिंतीला एक रेडिएटर, प्रत्येक खोलीचा वेगळा नळ. पाणी ऊब वाटत घरभर हिंडायचं आणि गार होऊन परत टाकीत यायचं. जाळायला जास्तीचं काही लागत नव्हतं.

घरात माणसं तीन. मालक, त्यांची बायको, आणि बायकोची मोठी बहीण. त्या बहिणीला सगळे ताईच म्हणायचे. बायकोला मी वहिनी म्हणायचो. दोघींत पंधरा वर्षांचं अंतर. आई गेली तेव्हा धाकटी चार वर्षांची होती. ताईनं तिला वाढवली, शिकवली, लग्न करून दिलं. स्वतःचं लग्नाचं वय त्यातच निघून गेलं. तीस वर्षं ती एका हॉस्पिटलच्या धुलाईघरात बॉयलरवर होती. वाफ आणि ओल्या फरशीवर उभं राहून राहून गुडघे गेले, नोकरीही गेली, तेव्हा ती बहिणीकडे राहायला आली.

मी काम करायचो तेव्हा ती स्टूल घेऊन पत्र्याच्या खोलीत येऊन बसायची. बायका अशा कामात डोकावल्या की मला वैताग येतो, पण हिची गोष्ट वेगळी. पाइपाला उलटा तळहात लावायची आणि सांगायची, "पंचावन्न." मी थर्मामीटर लावायचो. छप्पन.

टाकी बसवली तेव्हा तिनं पहिला प्रश्न विचारला, "अरे मिस्त्री, सेफ्टी व्हॉल्व्ह कुठं?"

सेफ्टी व्हॉल्व्ह म्हणजे टाकीच्या डोक्यावरचं पितळी नाक. आत दाब वाढला की ते आपोआप उघडतं, वाफ सोडून देतं आणि पुन्हा मिटतं. मी तो तिच्यासमोरच बसवला. ती उठली, हातानं ओढून बघितला आणि म्हणाली, "आता तू शहाणा."

पाणी सोडलं त्या दिवशी ताई आपल्या खोलीत रेडिएटरला पाठ लावून जमिनीवर बसली, पाय लांब केले. म्हणाली, "तीन वर्षांनी गुडघ्यांनी माझं ऐकलं बघ." वहिनी दारात उभ्या होत्या. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "तुझीच मजा आहे ताई. कामाला जायचं नाही, फुकटची ऊब." ताईही हसली. मीही हसलो. तेव्हा त्यात हसण्यासारखं काही नाही असं मला वाटलं नव्हतं.

एक हिवाळा छान गेला.

दुसऱ्या हिवाळ्याच्या तोंडावर मालकांचा फोन आला. एक दिवसाचं पिल्लू विकण्यापेक्षा तीन आठवड्यांचं करून विकलं तर गिऱ्हाईक जास्त खूश असतं, असं त्यांच्या ध्यानात आलं होतं. पिल्लाला तीन आठवडे लागतं काय, तर दाणा, पाणी आणि ऊब. आणि ऊब घरात फिरतच होती. फक्त खोली हवी होती.

मी गेलो तेव्हा ताईची खाट आधीच बाहेर निघाली होती. ओसरीत उभी करून ठेवली होती, गादी गुंडाळून. तिची खोली टाकीच्या सगळ्यात जवळ, म्हणून तिथला रेडिएटर घरात सगळ्यात जास्त तापायचा. तो काढून तिथं दोन मोठे रेडिएटर लावायला मालकांनी मला सांगितलं. ताईला मागची अडगळीची खोली दिली. तिथं दाण्याची पोती असायची. खिडकी उत्तरेला, भिंत ओली, आणि माझी लाइन तिथपर्यंत गेलेलीच नव्हती.

ताई म्हणाली, "मिस्त्री, वीस फूट पाइप लागेल. इथला जुना रेडिएटर काढतोच आहेस, तो तिकडे लाव."

मालक म्हणाले, "ताई, तुमच्यापेक्षा मला काय जास्त आहे? पण इंजिनाला झेपायला हवं. मिस्त्रींनाच विचारा. त्यातलं आपल्याला काय कळतं?"

आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं, डोळाबिळा मारला नाही.

झेपत होतं. एक काय, अजून तीन खोल्या झेपल्या असत्या. उरलेली ऊब तेव्हाही मागच्या पंख्यानं बाहेरच जात होती. हे मला माहीत होतं, मालकांना माहीत होतं आणि ताईलाही माहीत होतं. पण मालक मला ओळीनं कामं मिळवून देत होते. आजूबाजूच्या चार घरांत त्यांनी माझं नाव सांगितलं होतं. आणि ताई काय, कुणाचीच कुणी नव्हती.

मी म्हणालो, "ताण येईल, ताई."

तिनं माझ्याकडे क्षणभर बघितलं. मग वहिनींकडे वळली. वहिनी खाटेच्या चादरीची घडी घालत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तू कधीपासून गारठ्याला भ्यायला लागलीस गं? आपल्या जुन्या घराच्या खिडकीला तर काचच नव्हती. पुठ्ठा लावायचीस तू."

"पुठ्ठा तुझ्या बाजूच्या खिडकीला लावायचे," ताई म्हणाली.

 मी ड्रिल चालू केलं.

त्यानंतर मी त्या घरी गेलो तो ऐन थंडीत. व्हॉल्व्ह गळतो म्हणून बोलावलं होतं. आत शिरलो तर मधल्या बोळात, पिल्लांच्या खोलीच्या बंद दारासमोर, ताई खुर्चीवर बसलेली. अंगात दोन कोट, डोक्याला शाल, पायांवर रिकामं पोतं. दाराला मालकांनी एक काच बसवली होती. आतल्या भिंतीवरचा थर्मामीटर काचेतून दिसायचा. तो दर तासाला बघून वहीत लिहायचं, हे काम ताईला दिलं होतं. आत जायला मनाई. बाहेरच्या माणसानं पिल्लांना रोग लागतो, असं मालकांचं म्हणणं.

मी काचेतून बघितलं. आत चौतीस. चारशे पिवळी पिल्लं अंग सैल सोडून पसरली होती. काही तर उकाड्यानं चोच वासून होती. बोळात बोलताना माझ्या तोंडातून वाफ निघत होती.

"बरी आहात ना, ताई?" मी विचारलं.

"बसायचं काम आहे," ती म्हणाली. "जावईबापूंनी मुद्दाम बसायचं काम दिलं." मग आवाज खाली आणून म्हणाली, "दार उघडलं की फटीतून थोडी ऊब येते. दाणा घालायला धाकटी दिवसातून चारदा उघडते ना."

 मी मागं पत्र्याच्या खोलीत गेलो.

व्हॉल्व्ह थेंबथेंब गळत होता. मालक वरचेवर टाकीचं झाकण पान्यानं उघडून पाणी भरायचे, गरजेपेक्षा जास्त भरायचे, त्यामुळे दाब चढायचा आणि व्हॉल्व्ह आपलं काम करायचा. म्हणजे तो बिघडलाच नव्हता म्हणा. पण उघडमीट करून त्याची बैठक, म्हणजे तो घट्ट मिटतो ती जागा, झिजली होती. नवा टाकायला हवा होता, आणि तो मागवून यायला तीन दिवस.

"तीन दिवस?" मालक म्हणाले. "पाणी गळालं की लाइनीत हवा शिरते. पहाटे पिल्लांच्या खोलीत अठ्ठावीस होतं, मिस्त्री. माझी बारा पिल्लं गेली. तुम्ही काहीतरी करा. तुमच्या हातात जादू आहे."

स्तुतीला मी भुलतो, हे माझं मला ठाऊक आहे. मी व्हॉल्व्ह काढला आणि त्या भोकाला लोखंडी बूच मारलं. पान्यानं आवळलं. एक थेंब येईना.

"मिस्त्री, बूच मारलंस?"

ताई दारात उभी होती, काठीवर रेलून. पोतं कमरेला तसंच.

"तात्पुरतं आहे, ताई."

"वाफ झाली तर जाईल कुठून?"

"वाफ होईलच कशी? पंप पाणी फिरवतोय तोवर—"

"आणि पंप मेला तर?"

मालक तिच्या खांद्याला हात लावून म्हणाले, "ताई, धुलाईघरातले दिवस गेले आता. नवीन पद्धत आहे ही. चला, थर्मामीटर बघायची वेळ झाली ना?"

ती काठी टेकत गेली. मी मालकांना म्हणालो, तीन दिवसांनी येऊन नवा लावतो. "कधीही या," ते म्हणाले.

व्हॉल्व्ह तीन दिवसांत आलाच. माझ्या गाडीत, सीटमागच्या डब्यात पडून राहिला. एकदा विसरलो, एकदा कंटाळा केला, मग रोज उद्या म्हटलं. सहा आठवडे गेले.

सहाव्या आठवड्यातल्या एका दुपारी मालक पिल्लं पोचवायला दूरच्या गावी गेले होते. साडेतीनच्या सुमाराला मला ताईचा फोन आला. तोवर सगळं होऊन गेलं होतं. वहिनींना रुग्णवाहिका घेऊन गेली होती. मी पोचलो तेव्हा उजेड उतरायला लागला होता, इंजिन बंद, घरात वीज नाही, आणि ताई एकटीच पत्र्याच्या खोलीत बॅटरी घेऊन उभी. वहिनींना नेताना तिला गाडीत घेतलं नव्हतं. रुग्णवाहिकेतल्या माणसानं विचारलं, कोण येणार? वहिनी म्हणाल्या, कुणी नाही.

काय झालं ते तिनं मला तिथंच सांगितलं. बोळात बसल्या बसल्या तिला पंपाची गुणगुण थांबल्यासारखी वाटली. मग पाइप ठोकायला लागले, आतून कुणी हातोडी मारावी तसे. तीस वर्षं बॉयलरवर काढलेल्या बाईला त्याचा अर्थ सांगावा लागत नाही. पंप अडकला होता. इंजिन चालूच, धूर तापलेला, आणि वेटोळ्यातलं पाणी जागच्या जागी उकळत होतं. ती काठी टेकत मागं गेली आणि आधी इंजिनाचा गॅस बंद केला.

इंजिन थांबलं तशी वहिनी धावत आल्या. मशिनांतली अंडी गार पडणार, पिल्लांच्या खोलीत पारा उतरायला लागलेला, आणि नवरा घरी नाही. इंजिनाच्या खोलीत कशालाही हात लावायचा नाही, असं त्यानं बजावून ठेवलेलं. त्यांना एवढंच माहीत होतं की रेडिएटर गार पडले की मालक टाकीचं झाकण उघडून पाणी भरतात. त्यांनी पाना उचलला.

ताई म्हणाली, "हात लावू नकोस. आत वाफ कोंडलीय. वर बूच मारलंय त्यानं. तासभर गार होऊ दे."

"तासाभरात सगळी मरतील."

"मरू देत. पिल्लंच आहेत."

"तुला तेच तर हवंय," वहिनी म्हणाल्या. "ती मेली की खोली परत तुझी."

ताईनं तिचं मनगट धरलं. वहिनींनी हिसडा दिला. ताई उंबऱ्यावर आदळली. आणि झाकण उघडलं.

उघडलं म्हणजे उडालं. ते मला कोपऱ्यात पोत्यांमागं सापडलं. पत्र्याच्या छताला त्याचा खड्डा पडला होता. वाफ आणि उकळतं पाणी वहिनींच्या तोंडाच्या उजव्या बाजूला, मानेवर आणि दोन्ही हातांवर आलं. ताईनं तिला काखेत धरून, त्या गुडघ्यांनी, अंगणातल्या नळापर्यंत ओढत नेलं आणि वीस मिनिटं गार पाण्याखाली धरून ठेवलं. वहिनी किंचाळत होत्या, तिला ओरबाडत होत्या, तरी सोडलं नाही. डॉक्टर पुढं म्हणाले, उजवा डोळा वाचला तो त्यामुळं. ताईच्या हाताला कोपरापासून मनगटापर्यंत ओरखडे होते. ओला कोट तिनं अजून बदललेला नव्हता.

ती खोटं सांगणारी बाई नव्हतीच. पण तिच्या शब्दावर विश्वास ठेवायचीही गरज नव्हती. गॅसचा नळ बंद होता. पाना टाकीखाली पडलेला. काठी उंबऱ्याशी. जे झालं ते त्या खोलीत लिहून ठेवल्यासारखं होतं.

मी गाडीकडे गेलो, डबा उघडला आणि नवा व्हॉल्व्ह घेऊन आलो.

ताई बघत होती. "आता लावतोस?"

"हो."

ती अजून काही बोलेल म्हणून मी थांबलो.  तिनं बॅटरी वर केली आणि मला दिसावं म्हणून टाकीच्या डोक्यावर उजेड धरला. मी बूच काढलं, खिशात घातलं, व्हॉल्व्ह बसवला. नवा चकचकीत दिसत होता, म्हणून काजळीचा हात फिरवला. तेही तिच्याच उजेडात केलं. तिचा हात एकदासुद्धा हलला नाही. मग पंप उघडून अडकलेला गाळ काढला, पाणी भरलं, इंजिन चालू केलं. तासाभरात पिल्लांच्या खोलीत तेहतीस झालं. नऊच पिल्लं गेली होती.

निघताना ती म्हणाली, "जावईबापूंना सांगशील ना, काय झालं ते? माझं ते ऐकणार नाहीत. तू सांगितलंस तर ऐकतील."

"सांगतो," मी म्हणालो. आणि तेव्हा माझ्या मनात खरंच सांगायचं होतं. निदान मला तसं आठवतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालकांनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. रात्रभर हॉस्पिटलात जागून आले होते, डोळे लाल, पण केस नीट विंचरलेले. ताई टेबलाच्या टोकाला बसली होती. मालकांनी स्वतःच्या हातानं तिघांना चहा ओतला.

"मिस्त्री," ते म्हणाले, "ही शुद्धीवर आल्यावर मी विचारलं, तू तिथं हात का लावलास? ती म्हणाली, ताईनं सांगितलं. हवा अडकलीय, झाकण उघड, असं ताई म्हणाली. आता तुम्ही जाणकार. टाकीला सेफ्टी व्हॉल्व्ह आहे ना?"

बूच त्यांनीच मारायला लावलं होतं. ते ते विसरले नव्हते. कपाच्या कडेवरून ते माझ्याकडे बघत होते, तसंच, जसं खाट काढली त्या दिवशी बघितलं होतं. बूच माझ्या खिशात होतं. कालचीच पँट होती.

"आहे," मी म्हणालो.

"मग दोष यंत्राचा नाही?"

"यंत्राचा नाही. गरम टाकीचं झाकण उघडायला नको होतं. ज्यानं कुणी उघडायला सांगितलं..." पुढचं वाक्य मी पुरं केलं नाही. करायची गरजही नव्हती.

ताई माझ्याकडे बघत नव्हती. ती मालकांना म्हणाली, "धाकटी असं म्हणाली? तिनं स्वतः सांगितलं?"

"स्वतः. रडत रडत."

ताईनं कपाचा कान धरला, पण कप उचलला नाही.  इंजिन मागं एका सुरात चालू होतं.

"मग तसंच असेल," ती म्हणाली.

मालकांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "मी तुम्हाला दोष देत नाही, ताई. वय झालं की माणूस गोंधळतो. पण आता आमच्याकडून तुमची काळजी घेणं होणार नाही. हिला बघायचं, की तुम्हाला? तुम्हीच सांगा." वृद्धाश्रमाशी त्यांचं आधीच बोलणं झालं होतं. त्याच आठवड्यात तिला पोचवलं. जाण्याआधी तिला बहिणीला भेटायचं होतं. मालक म्हणाले, तुम्हाला बघितलं की तिला त्रास होईल. पोत्यांच्या खोलीतून एक पेटी निघाली, तेवढंच सामान.

वहिनी दीड महिन्यानं घरी आल्या. रेडिएटर तपासायला म्हणून मी एकदा गेलो, तेव्हा त्या पिल्लांच्या खोलीत दाणा घालत होत्या. तोंडाची एक बाजू चकचकीत, ताणलेली. हातमोजे घातलेले. मला म्हणाल्या, "मिस्त्री, तुम्हाला माहीत होतं ना?"

मी म्हणालो, "काय?"

त्या हसल्यासारख्या झाल्या. तोंडाची एकच बाजू हलली. "काही नाही. ते घरात नसताना हात लावू नकोस म्हणून चारदा बजावून गेले होते. मी काय सांगणार होते त्यांना?" मग वाकून एक मेलेलं पिल्लू उचललं, बादलीत टाकलं. "तिला सवय आहे. लहानपणी माझ्या हातून काही फुटलं तरी मार तिनंच खाल्लाय." आणि पुढच्या रांगेला दाणा घालायला लागल्या.

मालकांचं घर बघायला आता लांबून लोक येत होते. वीज घरची, ऊब फुकटची. अपघाताचं कुणी विचारलं तर मालक सांगत, बायकोची बहीण होती, तिचं जरा डोकं चालत नव्हतं. त्यांच्याच सांगण्यावरून मला मोठमोठी कामं मिळत गेली आणि पुढच्या थंडीआधी एक काम आलं ते त्या वृद्धाश्रमाचं. त्यांच्याकडेही जनरेटर होता आणि त्याची ऊब ते बाहेर सोडत होते.

व्यवस्थापक बाई भली आणि घाईतली होती. तिनं मला मोठ्या दालनात नेलं. भिंतीला लावून खाटा, खाटांवर माणसं. कुठं रेडिएटर बसतील ते मी दाखवत होतो, तेवढ्यात मागून आवाज आला.

"बाई, यांच्याकडून काम करून घेऊ नका."

ताई खाटेवर बसली होती. बारीक झाली होती, पण आवाज तोच, पाइपाला हात लावून आकडा सांगायची तेव्हाचा.

"हे सेफ्टी व्हॉल्व्हला बूच मारतात," ती म्हणाली. "माझी बहीण भाजली त्यात. इथं पन्नास म्हातारी माणसं आहेत. पळता येणार नाही कुणाला."

 बाईनं माझ्याकडे बघितलं. मला एवढंच म्हणायचं होतं, की हो, एकदा मारलं होतं, पुन्हा मारणार नाही. ते म्हणालो असतो तरी कदाचित काम गेलं नसतं. बाई भली होती.

मी आवाज खाली आणला. "यांना मी ओळखतो. त्या घरात यांच्यामुळेच अपघात झाला. बिचाऱ्यांना ते सोसलं नाही, म्हणून... वय झालंय. तुम्ही मनावर घेऊ नका."

"अगबाई," बाई म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर दया आली, आणि दयेमागून कडकपणा. त्या ताईच्या खाटेशी गेल्या आणि लहान मुलाशी बोलावं तसं मोठ्यानं, एकेक शब्द तोडून बोलल्या. "आजी, असं कुणाबद्दल काहीही बोलायचं नसतं. माणूस आपल्या भल्यासाठी आलाय ना? इथं राहायचं तर चांगलं वागायला हवं. माफी मागा बघू त्यांची."

ताईनं बाईकडे बघितलं, मग माझ्याकडे. तिला कुठं जायला जागा नव्हती. ते तिलाही माहीत होतं, मलाही.

"माफ करा," ती म्हणाली.

"असू दे, असू दे," मी म्हणालो.

काम आठ दिवसांत झालं. सेफ्टी व्हॉल्व्ह मी दोन बसवले. शेवटच्या दिवशी पाणी सोडलं, भिंती तापायला लागल्या, तेव्हा बाईंनी दालनात सगळ्यांना बसवून मिस्त्रींसाठी टाळ्या वाजवायला लावल्या. म्हाताऱ्यांनी वाजवल्या. बाई खाटांच्या रांगेतून फिरत होत्या, कोण वाजवत नाही ते बघत. ताईच्या खाटेशी आल्या आणि थांबल्या.

ताईनंही वाजवल्या.